बालछळ ओळखण्याचे दंतवैद्यकीय प्रशिक्षण

मुलांना झालेली मारहाण, लैंगिक अत्याचार आणि हेळसांड यांच्या खुणा दंतवैद्यांना व दवाखान्यातील मदतनिसांना ओळखता याव्यात, त्यांची नीट नोंद करता यावी आणि योग्य यंत्रणेला वेळेत कळवता यावे, यासाठी दिले जाणारे शिक्षण. मारणाऱ्याचा हात बहुधा चेहऱ्याकडे जातो. मारहाण झालेल्या मुलांच्या अनेक रुग्णालयीन पाहण्यांत निम्म्या किंवा त्याहून अधिक मुलांना डोके, चेहरा, तोंड किंवा मान येथे इजा झालेली आढळली आहे. या भागाकडे उजेडात, जवळून आणि सावकाश पाहणे हे दंतवैद्याचे रोजचेच काम. म्हणूनच ही जबाबदारी त्याच्याकडे आली.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ हेन्री केंप आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये मारहाण झालेल्या बालकांत दिसणाऱ्या इजांचा लक्षणसमूह मांडला. पुढच्या पाचच वर्षांत तेथील सर्व राज्यांनी संशयित छळ कळवण्याची सक्ती करणारे कायदे केले. दंतवैद्य या सक्तीखाली आले, तरी प्रत्यक्षात कळवणाऱ्यांत त्यांचे प्रमाण नगण्य राहिले. ही दरी बुजवण्यासाठी लिन माउडन या दंतवैद्याच्या पुढाकाराने १९९२ मध्ये मिसूरी राज्यात ‘पांडा’ हा प्रशिक्षणाचा उपक्रम सुरू झाला आणि इतर राज्यांनीही तो उचलला. न्यूयॉर्कमध्ये तर दंतवैद्याला परवाना मिळण्यासाठी या विषयाचा दोन तासांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. ब्रिटनमध्ये २००६ साली संपूर्ण दंतचमूसाठी मार्गदर्शक पुस्तिका निघाली.

प्रशिक्षणाचा मोठा भाग खुणांचा अर्थ लावण्यावर असतो. वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारी पातळ पट्टी फाटलेली असेल, तर आधी मुलाचे वय पाहावे. नुकतेच चालायला लागलेले मूल पडले की ती फाटू शकते. पण जे बाळ अजून रांगतही नाही, त्याच्या तोंडात अशी जखम दिसली तर ओठावर मारले असावे किंवा बाटली, चमचा जबरदस्तीने कोंबला असावा, ही शक्यता विचारात घ्यावीच लागते. पडल्यावर हनुवटी, कपाळ, नाक असे हाडाचे उंचवटे खरचटतात. कानाची पाळी, गालाचा मऊ भाग, जबड्याखालचा गळा येथले वळ म्हणून अधिक गंभीर मानायचे. टाळूच्या मागच्या भागात विनाकारण आलेले रक्ताचे बारीक ठिपके किंवा मुलाच्या तोंडात गुप्तरोगाची लक्षणे लैंगिक अत्याचाराकडे बोट दाखवतात. अशा वेळी पुढील तपासणी दंतवैद्याने स्वतः करू नये. ती रुग्णालयातील योग्य डॉक्टरांकडे सोपवावी.

यासोबत फसव्या खुणाही शिकवाव्या लागतात. रक्त न गोठण्याच्या विकारात साध्या धक्क्यानेही काळेनिळे डाग पडतात. आपल्याकडे पुष्कळ मुलांच्या पाठीवर, कमरेवर जन्मतःच निळसर डाग असतात. वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे हे सांगणे विश्वासार्ह नाही. चावल्याच्या खुणांबाबत तर विशेष सावध राहायला हवे. खुणेवरून चावणारी व्यक्ती ओळखता येते, या दाव्याला अमेरिकेतील शास्त्रीय समित्यांनी आधारहीन ठरवले आहे. म्हणून शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र काढायचे आणि खुणेवर राहिलेल्या लाळेचा नमुना घेण्याची संधी जाऊ द्यायची नाही. कोण चावले, हा निष्कर्ष तपास यंत्रणेचा.

सर्वांत अवघड विषय हेळसांडीचा. किडलेले दात म्हणजे हेळसांड नव्हे. ‘दुधाचेच दात, पडणारच की’ हा समज घरोघरी आहे. खर्च, लांबचा दवाखाना, बुडणारी मजुरी ही कारणे खरी आहेत. गरिबीला गुन्हा ठरवणारे प्रशिक्षण मुलांचे नुकसानच करील. दुखणे काय आहे आणि उपचार कुठे मिळतील हे नीट समजावले, उपचार आवाक्यातही आहेत, तरीही मूल सुजलेला गाल घेऊन महिनोन्महिने दुखणे सोसते आणि पालक फिरकत नाहीत, तेव्हा प्रश्न बदलतो. ब्रिटिश पद्धतीत यासाठी तीन पायऱ्या आहेत: आधी दवाखान्यानेच कुटुंबाला मदत करायची, मग शाळा, आरोग्यसेविका अशा इतरांना जोडायचे आणि शेवटी बालसंरक्षण यंत्रणेकडे जायचे. मुलाला तत्काळ धोका असेल तर मात्र पायऱ्या मोजत बसायचे नाही.

‘हे कसं लागलं रे?’ असा मोकळा प्रश्न विचारावा. ‘बाबांनी मारलं का?’ असे उत्तर सुचवू नये. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहावेत आणि पालकांनी सांगितलेले कारण वेगळे नोंदवावे. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन मुलाला देऊ नये. लैंगिक अत्याचाराचा संशय असताना पालकांना जाब विचारला तर मुलाचा धोका वाढू शकतो.

भारतात लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा पॉक्सो कायदा कलम १९ नुसार प्रत्येक व्यक्तीवर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवण्याचे बंधन घालतो. अपराध घडल्याची माहिती किंवा तो घडण्याची शक्यता वाटणे पुरेसे आहे. पुरावा गोळा करणे हे माहिती देणाऱ्याचे काम नाही. प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर कारवाई होत नाही. न कळवल्यास मात्र सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहाच्या प्रकरणात माहिती असूनही न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो निर्णय फिरवला आणि न कळवणे ही गंभीर बाब असल्याचे स्पष्ट केले.

मारहाण आणि हेळसांड यांसाठी अशी सरसकट सक्ती नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ मुलांवरील क्रौर्याला शिक्षा सांगतो, परंतु ते पाहणाऱ्या दंतवैद्यावर पॉक्सोसारखे बंधन घालत नाही. ही कायद्यातली मोठी उणीव आहे, कारण खुर्चीत बसलेल्या मुलाच्या तोंडात बहुधा याच दोन प्रकारांच्या खुणा दिसतात. अशा वेळी जिल्ह्याची बाल कल्याण समिती आणि १०९८ ही मदतवाहिनी असे मार्ग खुले आहेत. ही मदतवाहिनी १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली. पॉक्सोखालील कर्तव्य व्यक्तिगत आहे; त्यामुळे नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या मदतनिसाने शंका मोठ्या डॉक्टरांच्या कानावर घातली, एवढ्याने ते पूर्ण होत नाही, आणि प्रशिक्षणही त्या खिडकीपर्यंत पोचवावे लागते.