पार्श्वभूमी : परसातली कोंबडी का टिकत नाही

जाळीच्या खालच्या कोपऱ्यात वीतभर भोक. आत सात कोंबड्या, सातही मानेशी फोडलेल्या, आणि नेलेली एकही नाही. दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या परड्यात हे पाहिलं, तेव्हा शेजारच्या काकींनी कुंपणापलीकडूनच निकाल दिला, "मुंगूसच ता. खावक नाय, मारूक येता."

मुंगसाची बदनामी जुनी आहे आणि निम्मी खरी आहे. अंडं, पिल्लू, चरायला गेलेली एखादी तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) ते उचलतं यात वाद नाही. १८७२ मध्ये उसातले उंदीर मारायला म्हणून कोलकात्याहून मुंगसं जमैकात नेली, तर तिथेही थोड्याच वर्षांत उंदरांचा विषय मागे पडला आणि कोंबड्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. पण मुंगूस दिवसाचा प्राणी. रात्री ते बिळात झोपलेलं असतं. तिन्हीसांजेला मोजून कोंडलेल्या कोंबड्या पहाटे मेलेल्या सापडल्या, तर संशय आधी कांडेचोर (उदमांजर), जवादी मांजर नाहीतर रानमांजरावर घ्यायला हवा. मुंगूस दिवसाढवळ्या नजरेस पडतं, म्हणून त्याचं नाव पुढे येतं.

काकींचं दुसरं वाक्य मात्र प्राणिशास्त्रात बसतं. हान्स क्रूक या अभ्यासकाने १९७२ मध्ये नेमक्या याच प्रकारावर लिहिलं होतं. इंग्लंडच्या किनाऱ्यावर कुरव पक्ष्यांच्या वसाहतीत खोकडं काळोख्या रात्री शिरत आणि ढीगभर पक्षी मारून टाकत, खात मात्र फार थोडे. पोट भरलं की शिकारी नवं भक्ष्य शोधत हिंडत नाही, हे खरं. पण भक्ष्य समोरच असेल, फडफडत असेल आणि पळतही नसेल, तर मारणं थांबत नाही. रानात पहिल्या झडपेला बाकीचे पक्षी उडालेले असतात. खुराड्यात ते जाणार कुठे? कोंबड्या वाचाव्यात म्हणून घातलेल्या चार भिंती शिकारी आत शिरला की त्याच्याच कामाला येतात.

कोंबडीला भिंतींची सवय मुळात नाही. तिचा पूर्वज लाल रानकोंबडा दिवसभर जमीन उकरतो आणि अंधार पडायच्या आत फांदीवर चढतो, कारण अंधारात त्याला दिसत नाही म्हटलं तरी चालेल. थायलंडमधल्या बान नोन वाट इथे कोंबडीची म्हणून ओळखली गेलेली हाडं इसवी सनपूर्व १६५० ते १२५० या काळातली आहेत. भात आणि भरडधान्याच्या शेतीने हा पक्षी रानातून माणसाजवळ ओढला, असं २०२२ मध्ये संशोधकांनी मांडलं. आला तो दाण्यासाठी. झोपायची खोड झाडाचीच राहिली. आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याचाही या वंशात वाटा आहे : पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचं जनुक त्याच्याकडून आलं, हे २००८ मध्ये दिसून आलं.

पहारा ठेवायची रीतही रानातलीच. आकाशातून घार किंवा शिकरा आला तर कोंबडा एक आवाज काढतो, जमिनीवरून मांजर किंवा कोल्हा आला तर वेगळाच. हे नुसतं ओरडणं नाही. १९९३ मध्ये प्रयोगात शिकारी न दाखवता नुसते आवाज ऐकवले, तरी कोंबड्यांनी पहिल्याला आडोसा धरला आणि दुसऱ्याला मान ताठ करून आजूबाजूला पाहिलं. गावात ज्याने कोंबड्या पाळल्या त्याला हे सांगावं लागत नाही. कोंबडीने तो घशातला सूर काढला की पिल्लं पंखाखाली जातात आणि घरातली म्हातारी काठी घेऊन खळ्यात येते.

ती म्हातारी या व्यवस्थेचा अर्धा भाग होती. कोकणातल्या जुन्या घरात कोंबड्यांसाठी वेगळं बांधकाम क्वचितच असे. संध्याकाळी पिल्लंवाली कोंबडी पडवीत डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या टोपलीखाली, वर दगड. बाकीच्या जिन्याखाली किंवा फणसावर. बाहेर कुत्रा, आत माणसं. 'कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही' ही म्हण त्या डालग्याचीच. मराठी घराला कोंबडं झाकणं इतकं रोजचं होतं की त्याची म्हण झाली. तरीही कोंबड्या जात. दहा पिल्लांतली दोन-तीन घारीची आणि कावळ्याची, हे धरूनच चालत. अंड्याकोंबडीचा पैसा बाईचा असे, म्हणून हिशेबही तिच्याच डोक्यात असे.

बदल आधी पक्ष्यात झाला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, १९५६ नंतर, सरकारी केंद्रांमधून व्हाइट लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेड या परदेशी जाती गावोगाव पोचू लागल्या. लेगहॉर्न अंडी भरपूर देते, पण खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाही. तो गुण निवडीनेच काढून टाकलेला. म्हणजे पिल्लांमागे आई नाही. शिवाय रंग पांढरा, हिरव्या परड्यात लांबूनच दिसणारा. पुढे हा पक्षी परसातून उठून शेडमध्ये आणि पिंजऱ्यात गेला. पुण्यात १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज उभी केली, आणि हा धंदा मोठा झाला तो बंद जागेतच. तिथे घारीचा प्रश्नच उरला नाही. परसासाठी निराळा पक्षी हवा हे त्यानंतर पुन्हा सुचलं : बंगळुरूची गिरिराज, हैदराबादची वनराज, दोन्ही रंगीत पिसांच्या. वनराजचे लांब पाय शिकाऱ्यापासून पळायला उपयोगी, असं तिच्या गुणांमध्ये सांगतात. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्राने असील या झुंजीच्या जातीचा संकर करून पक्ष्याचं नावच 'निर्भीक' ठेवलं, कारण तो लढून स्वतःला वाचवतो. सरकारी संस्थेने कोंबडीच्या अंगात पुन्हा भांडखोरपणा भरायला घ्यावा, हे मला तरी गमतीचं वाटतं.

दुसरा बदल जाळीचा. दुकानात आपण जिला 'कोंबडी जाळी' म्हणतो ती षटकोनी घरांची तार १८४४ मध्ये इंग्लंडच्या नॉरिच गावात चार्ल्स बर्नार्डने कापड विणायच्या यंत्राच्या धर्तीवर काढली. ती कोंबडी आत ठेवते. बाहेरच्याला बाहेर ठेवणं तिला जमत नाही. कोकणातल्या दोन पावसाळ्यांत खालची तार गंजते, आणि आमच्याकडचं वीतभर भोक नेमकं तिथलंच होतं. नंतर वेल्डमेश लावली आणि जाळीखाली चिऱ्याचा थर दिला.

आता योजना. राज्यातल्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत २५ तलंगा आणि ३ नर असा गट अनुदानावर मिळतो, आणि खर्चाच्या तपशिलात 'रात्रीचा निवारा' ही बाब स्वतंत्र लिहिलेली असते, हे चांगलं. पण हे पक्षी बल्बच्या उबेत वाढलेले. एकदम अठ्ठावीस जण अनोळखी परड्यात उतरतात. फणस ठाऊक नाही, घार पाहिलेली नाही, पुढे चालणारी जुनी कोंबडी नाही. पहिल्या महिन्यात निम्मे गेले की लोक योजनेला नावं ठेवतात, नाहीतर मुंगसाला. परसातल्या कोंबड्या मात्र वाढतच आहेत. २०१९ च्या पशुगणनेत देशात त्या सुमारे ३१.७ कोटी भरल्या, २०१२ पेक्षा जवळजवळ ४६ टक्क्यांनी जास्त.

आणि परडंही ते राहिलेलं नाही. चाकरमानी मुंबईला, भातशेती पडीक, घरामागे दहा पावलांवर करवंदीची जाळी आणि रानमोडीचं तण. कांडेचोराला दिवसा झोपायला आणि रात्री निघायला याहून सोयीचं काय? रानमांजर, घोरपड, मुंगूस या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून फासकी लावणं गुन्हा. ते योग्यच आहे. मोकाट सोडलेली कुत्रीही नासधूस करतात, पण कुत्रा आपलाच असल्यामुळे त्याचं नाव कोणी घेत नाही.

काकींकडे सध्या चार गावठी कोंबड्या आहेत. खुराडं नाही. तिघी फणसावर चढतात. चौथी पिल्लं घेऊन पडवीत डालग्याखाली असते, वर पाट्याचा जुना वरवंटा. गेल्या आठवड्यात तिची दोन पिल्लं घारीने नेली. काकी तेव्हा विहिरीवर होत्या.