बंद नळीतला माठ

"फ्रिजचा गॅस संपलाय बहुतेक."

आपल्याकडे फ्रिज थंड करेनासा झाला की घरातलं कोणीतरी हे वाक्य म्हणतंच, आणि मी ते कित्येक वर्षं खोडत आलो आहे. फ्रिजच्या नळ्यांमधला गॅस जळत नाही, खर्च होत नाही. तोच तो गोल गोल फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण गेल्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, काकाडू राष्ट्रीय उद्यानाच्या एका तळावर, भावजयीने दह्याचा डबा हुंगत हेच वाक्य म्हटलं तेव्हा मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं. कॅराव्हॅनमधला, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरातला, तो फ्रिज एलपीजीच्या ज्योतीवर चालत होता. गॅस खरोखरच संपला असण्याची शक्यता होती!

संपला नव्हता. बाहेरून बघितलं तर जाळीमागे निळी ज्योत व्यवस्थित तेवत होती. आणि आत दुपारी चार वाजता १४ अंश.

डार्विन शहरात राहणारा धाकटा भाऊ, भावजय, नऊ वर्षांची पुतणी आणि मी असे आम्ही भाड्याची कॅराव्हॅन गाडीमागे जोडून लिचफिल्ड, काकाडू आणि कॅथरीनची घळ बघायला निघालो होतो. तिथले मूळ रहिवासी, बिनिंज लोक, वर्षाचे सहा ऋतू मानतात. कोरडा तापलेला 'गुर्रुंग' सरत आला होता आणि वळवाच्या गडगडाटाचा 'गुनुमेलेंग' सुरू होत होता. दुपारचा पारा ३७-३८, आणि हवेत दमटपणा रोज थोडा वाढत चाललेला. ऑस्ट्रेलियातली शहाणी माणसं इथे मे ते ऑगस्टमध्ये येतात. आम्ही शाळेच्या सुट्टीप्रमाणे आलो.

"काका, आगीने बर्फ कसा होतो?" पुतणीने विचारलं. दह्याचं काय व्हायचं ते होवो, माझी दुपार सत्कारणी लागली.

घरच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर असतो. तो गॅस दाबतो, दाबलेला गॅस मागच्या जाळीत उष्णता सोडून द्रव होतो, मग अरुंद नळीतून कमी दाबाच्या भागात जाऊन उकळतो आणि उकळताना आतली उष्णता ओढून घेतो. म्हणजे एका बाजूला जास्त दाब, दुसऱ्या बाजूला कमी. फ्रिजची घरघर ही त्या फरकाची मजुरी.

कॅराव्हॅनचा फ्रिज घरघरत नाही. त्यात कॉम्प्रेसर नाही, झडप नाही, फिरणारा एकही भाग नाही. वेल्डिंग करून कायमच्या बंद केलेल्या नळ्या, आणि त्यांत अमोनिया, पाणी व हायड्रोजन. सगळीकडे दाब सारखाच, वातावरणाच्या साधारण वीसपट. आता गंमत बघा. या दाबाखाली अमोनिया जवळपास ५० अंशांनाच द्रव होतो. मग त्याच दाबाखाली तो उणे १५ अंशांना वाफ कसा होणार?

उत्तर दोरीवर वाळत असतं. पाणी १०० अंशांना उकळतं हे आपण शाळेत शिकतो, तरी ओलं धोतर ३० अंशांना वाळतं. वातावरणाचा दाब काही कमी झालेला नसतो. पण पाण्याच्या रेणूंना हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या दाबाशी घेणंदेणं नसतं. हवेत पाण्याची वाफ आधीच किती आहे, एवढंच महत्त्वाचं. मिश्रणातला प्रत्येक वायू आपापल्या वाट्याचा दाब देतो, ही गोष्ट जॉन डाल्टनने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडली होती. वाफेच्या वाट्याचा दाब कमी, तर कपडे भराभर वाळतात. नागपुरात मे महिन्यात अर्ध्या तासात, मुंबईत जुलैमध्ये तिसऱ्या दिवशी कुबट.

माठातलं पाणी गार होतं तेही यामुळेच. पाझरलेलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं.

तर कॅराव्हॅनचा फ्रिज म्हणजे बंद नळीत कोंडलेला माठ आहे. पाण्याच्या जागी द्रव अमोनिया, आणि नागपूरच्या कोरड्या हवेच्या जागी हायड्रोजन. शीतकप्प्याच्या नळीत द्रव अमोनिया उतरतो तेव्हा तिथे हायड्रोजन भरलेला असतो. वीसपट दाबातला बहुतेक वाटा त्याचाच. अमोनियाच्या वाट्याला दोन-तीन पट एवढाच. इतक्या कमी दाबाला अमोनिया उणे १५च्या आसपासही आनंदाने उडतो. उडता उडता दह्यातली उष्णता नेतो.

इथे एक क्षण थांबा, कारण खरी हुशारी पुढे आहे. असं चालू राहिलं तर नळीतली 'हवा' थोड्याच वेळात अमोनियाने ओलीचिंब होईल आणि काम थांबेल; नागपूरची मुंबई होईल. म्हणून हायड्रोजन पुन्हा 'वाळवायचा'. अमोनियाचा रेणू हायड्रोजनच्या साडेआठपट जड, त्यामुळे हे मिश्रण आपोआप खाली घसरतं. खाली त्याला पाणी भेटतं. अमोनिया पाण्याचा लाडका, लगेच त्यात विरघळतो. हायड्रोजनला पाणी दारात उभं करत नाही. एकटा पडलेला हलका हायड्रोजन वर चढून पुन्हा शीतकप्प्यात हजर. पंखा नाही, पंप नाही, फक्त वजनातला फरक.

मग ज्योत कशाला? अमोनिया पिऊन तृप्त झालेल्या पाण्यातून तो परत काढायला. तळाशी हे द्रावण तापतं, अमोनियाचे बुडबुडे अरुंद नळीतून वर धावतात आणि जाताना पाण्याचे घोटही वर ढकलतात. पाणी उंचीवरून उतारानं शोषणाच्या जागी परततं, अमोनिया मागच्या जाळीत जाऊन थंड होतो, द्रव होतो, चक्र पुन्हा सुरू. स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातल्या बाल्त्सर फॉन प्लातेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली हे जुळवलं. १९२५पासून इलेक्ट्रोलक्सने असे फ्रिज विकायला घेतले. (आइन्स्टाइन आणि भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनीही फिरते भाग नसलेल्या फ्रिजवर डोकं चालवलं, १९३०मध्ये अमेरिकेचं पेटंटही मिळवलं. पण त्यांची रचना वेगळी. कोणी 'आइन्स्टाइनचा फ्रिज' म्हणून हा दाखवला तर मान डोलवू नका.)

सगळं गुरुत्वाकर्षणावर चालतं, म्हणून कॅराव्हॅन सपाट उभी करावी लागते. दोन-तीन अंशांहून जास्त कललेली असेल तर द्रावण नको तिथे साचतं. प्रत्येक तळावर पाणसळ लावून चाकाखाली फळ्या सरकवायचं काम पुतणीकडे होतं आणि ते तिने चोख केलं होतं.

म्हणजे दोष तिचा नव्हता. दोष मागच्या भिंतीचा.

हा फ्रिज आतली उष्णता तर बाहेर टाकतोच, शिवाय ज्योतीचीही टाकतो. एक भाग उष्णता ओढायला तीन-चार भाग जाळावे लागतात. हे सगळं ओझं मागच्या जाळीतून बाहेरच्या हवेला द्यायचं. बाहेर ३८, आणि उन्हात तापलेल्या पत्र्यामागच्या पोकळीत त्याहून कितीतरी जास्त. अमोनियाला ५०च्या आत द्रव व्हायचं आहे आणि भोवतालच तिथे पोचू लागलेला! वर आणखी एक फटका: गरम पाण्यात वायू कमी विरघळतो. कोमट सोडा फसफसून जातो तसा. म्हणजे हायड्रोजनही नीट वाळत नाही.

दाराच्या आतल्या पट्टीवर 'एसटी' छापलेलं होतं. आपली लाल गाडी नव्हे. हा हवामानाचा वर्ग, ३८ अंशांपर्यंतची हवा सोसणारा. उष्ण कटिबंधासाठीचा वर्ग 'टी', तो ४३पर्यंत. फ्रिज घेताना ही अक्षरं आपल्याकडे कोणी बघत नाही, सगळे लिटर आणि तारे बघतात.

भाऊ म्हणाला, गाडी वळवूया. मी नागपुरी सवयीने म्हणालो, फ्रिजची बाजू उत्तरेकडे कर, ऊन दक्षिणेकडून येतं. तो हसला. दक्षिण गोलार्धात उलटं. पण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात डार्विनच्या अक्षांशावर दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावरच असतो, तेव्हा आमचा दोघांचा वाद फुकटचा होता. भाजून काढत होता तो पश्चिमेचा सूर्य. दोन दिवसांपूर्वी लिचफिल्डमध्ये वाळवीची चपटी वारुळं बघितली होती, चार मीटरपर्यंत उंच, सगळी एकसाथ उत्तर-दक्षिण रांगेत. सकाळ-संध्याकाळचं ऊन रुंद बाजूला, दुपारचं फक्त कडेला. आम्ही नेमकं वाळवीला कळलेलं विसरून फ्रिज पश्चिमेला लावला होता. तो पूर्वेला वळवला, आणि वरच्या झरोक्याशी भावाने १२ व्होल्टचा छोटा पंखा अडकवला. ज्योतीला मात्र हात लावायचा नाही. ते काम त्यातल्या कारागिराचं.

शेजारच्या तळावरच्या कुटुंबाकडे टेबलावर ठेवायचा 'मिनी एसी' होता. पेलाभर पाणी घाला आणि खोली गार करा, अशी जाहिरात आपल्याकडेही मोबाइलवर सतत दिसते. तो एसी नाही, पंखा लावलेला ओला स्पंज आहे. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर विदर्भात चालतो कारण तिथली हवा कोरडी. बंद कॅराव्हॅनमध्ये, गुनुमेलेंगच्या दमट रात्री, तो फक्त आणखी दमटपणा करतो. त्याच्याकडे हवा परत वाळवण्याची सोय नाही. आमच्या मुक्या फ्रिजकडे आहे.

रात्री पारा २५वर उतरला. सगळे झोपल्यावर भिंतीमागून बारीक गुळगुळ ऐकू येत होती, बुडबुडे पाणी वर नेत असल्याची. पहाटे साडेपाचला पुतणीने मला हलवून उठवलं आणि बर्फाचा ट्रे समोर धरला. आत ४ अंश, आणि बर्फ अगदी मधोमधपर्यंत जमलेला.

भावजयीने आदल्या संध्याकाळीच जबिरू गावातल्या दुकानातून बर्फाची पिशवी आणली होती. नवं दही तिच्या थर्माकोलच्या खोक्यात होतं.