बुटाचा तळ आणि साताऱ्याचा कातळ

वासोटा किल्ला उतरताना माझ्या बुटाचा तळ सुटला. आधी टाचेकडून फटफट आवाज यायला लागला, आणि जंगल संपेपर्यंत अख्खा तळ हातात आला. सुतळीने बांधून कसाबसा बामणोलीच्या लाँचपर्यंत पोहोचलो. बूट दिसायला नवे होते. सहा वर्षांत जेमतेम पाच-सहा वेळा घातलेले. जपून ठेवलेली वस्तू अशी का तुटावी?

रबर आणि पाऊल यांच्यामध्ये हादरे झेलणारा फोमचा थर असतो. बऱ्याच बुटांत तो पॉलियुरेथेनचा. हवेतलं बाष्प त्यात शिरतं आणि त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या हळूहळू तोडतं. याला जलअपघटन म्हणतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडलेल्या बुटांतही हे चालूच असतं. ईव्हीए हा दुसरा फोम हलका असतो आणि ओलाव्याला सहसा दाद देत नाही. मात्र त्यातली हवेची पोकळी वापराने दबून बसते. बुटाच्या कडेला फोमवर आडव्या सुरकुत्या पक्क्या झाल्या, की त्याचा जीव संपला समजावं.

बूट मोडला म्हणून मी नवे शोधू लागलो, तेव्हा अप्रोच शूज हा प्रकार नीट समजून घेतला. पायथ्याच्या गावातून कड्यापर्यंत चालायचं आणि मध्ये सोपा कातळटप्पा आला तर तोही त्याच बुटांनी चढायचा, यासाठी हे बूट. ही गरज किती जीवघेणी ठरू शकते हे इटलीच्या विताले ब्रामानी यांनी पाहिलं होतं. १९३५ साली पुंता रासिका शिखरावर वादळात सापडून त्यांचे सहा सोबती दगावले. खिळ्यांचे जड बूट खाली ठेवून ते हलक्या बुटांनी चढले होते. त्यानंतर ब्रामानींनी चालायला आणि चढायला, दोन्हीला चालेल असा खाचांचा रबरी तळ बनवला. व्हिब्रम या बुटांच्या तळाच्या ब्रँडचं नाव त्यांच्याच नावावरून आलं.

शाळेत शिकलो की घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढतं, टेकलेल्या क्षेत्रफळाशी त्याचा संबंध नाही. रबर हा नियम पाळत नाही. ते कातळाच्या बारीक खळग्यांत दबून बसतं, दगडाला चिकटतं, आणि घसरताना आकार बदलण्यात ऊर्जा खर्च करतं. म्हणून जितकं जास्त रबर दगडाला टेकेल तितकी पकड चांगली. ३० अंशांच्या उतारावर उभं राहायला घर्षणांक, म्हणजे घर्षण आणि दाब यांचं गुणोत्तर, सुमारे ०.५८ लागतो, ४५ अंशांवर थेट १. तिरक्या कातळावर चवड्यावर उभं राहण्यापेक्षा टाच खाली सोडून तळ टेकवावा, असं जुने ट्रेकर सांगतात ते जास्त रबर टेकावं म्हणूनच. अप्रोच शूजच्या पुढच्या टोकाखाली खाचा नसलेला सपाट पट्टा असतो, तोही याचसाठी.

खोल खाचा मातीसाठी, मुरमाच्या घसाऱ्यासाठी. ओल्या, शेवाळलेल्या कातळावर त्यांचा भरवसा धरू नये. तिथे रबर दगडाला टेकतच नाही, मध्ये पाण्याचा आणि शेवाळाचा थर असतो. पावसाळ्यात कातळटप्पे टाळावेत, हे मी आग्रहाने सांगेन.

मऊ रबर पकडतं छान, पण झिजतं लवकर. आपला बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि कास पठारावरचा जांभा तर खरखरीत कानशीसारखा. अजिंक्यताऱ्याच्या डांबरी रस्त्यावर रोज फिरायला असे बूट घालणं म्हणजे ते फुकट घासणं. टिकाऊपणा हवा असेल तर टोकाभोवती रबराची पट्टी आहे का आणि तळ नवा बसवून मिळतो का, हे विचारावं.

माप घ्यायला संध्याकाळी जावं. दिवसभरात पाय थोडे सुजतात. ट्रेकचे मोजे घालून दुकानाच्या पायऱ्या उतरून पाहाव्यात. बोटं पुढे आपटत असतील तर मोठी उतरण नखं काळीनिळी करते. नाडी थेट बोटांपर्यंत जात असेल तर उत्तम: चालताना सैल, कातळावर घट्ट.

आणि बुटाच्या जिभेच्या आतलं लेबल वाचावं. बऱ्याच बुटांवर तयार झाल्याचा महिना आणि साल तिथे बारीक अक्षरात असतं. सवलतीत मिळणारी जोडी चार वर्षं गोदामात पडलेली असेल, तर मी ती घेत नाही.