पार्श्वभूमी : ‘शेवट फसला’ ही तक्रार येते कुठून

नवीन मराठी थ्रिलर आली की आठवडाभरात दोन मतं ऐकू येतातच. एक, ‘खाली ठेववतच नाही, एका बैठकीत संपवली’ आणि दुसरं, ‘बाकी भारी, पण शेवट फसला’. बऱ्याचदा ही दोन्ही मतं एकाच माणसाची असतात. मी स्वतः गेल्या वर्षभरात चार-पाच वेळा हेच बोललोय. हे का होतं ते बघायला मागे जावं लागतं, पण फार मागे नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून आणलेल्या अद्भुत कादंबऱ्या, मग हेरकथांची रूपांतरं, मग चष्म्याचं दुकान सांभाळून हजारावर रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर, हे सगळं इथे वाचणाऱ्यांना पाठ आहे. काळा पहाड आणि झुंजार हे त्यांचे नायक, त्यांच्याबद्दल वेगळं सांगत बसत नाही.

मला आतून-बाहेरून माहीत आहे तो काळ सत्तर-ऐंशीच्या दशकातला, म्हणजे गल्लीतल्या लायब्ररीचा. सरकारी अनुदानाच्या वाचनालयाबद्दल बोलत नाहीये, त्यासाठी १९६७ चा कायदा वगैरे होता, तिथे कपाटाला काच आणि कुलूप असायचं. मी म्हणतोय ती जिन्याखालच्या आठ बाय दहाच्या खोलीतली लायब्ररी, डिपॉझिट भरा, महिन्याची वर्गणी द्या आणि रोज एक पुस्तक बदला. पुस्तकं खाकी कागदात, दाभणाने शिवलेली, इतकी घट्ट की आतल्या बाजूची दोन अक्षरं शिवणीत जायची आणि ती अंदाजाने वाचायला लागायची. तिथे पुस्तकाचं नाव सहसा कुणी विचारायचं नाही, नायकाच्या नावाने मागायचे. ‘काका, कॅप्टनचं नवीन आलं का?’ काका मान न वर करता म्हणायचे, ‘आलंय, पण बाहेर आहे, कालच्यापेक्षा बरं आहे म्हणतात.’ झालं परीक्षण. नवीन पुस्तकावरचं वाचकाचं मत हा प्रकार मराठीत आधी त्या काउंटरवर झाला, पेपरातल्या परीक्षणांत नाही, कारण पेपरवाले या पुस्तकांना शिवायचेच नाहीत.

दुसरं परीक्षण पुस्तकाच्या आतच असायचं. पान बारावर समासात पेन्सिलने ‘खुनी = मॅनेजर’. असलं लिहिणाऱ्याला मी लहानपणी फार शिव्या दिल्यात. पण एकदा पान बारावर ‘मॅनेजर’, त्याखाली वेगळ्या अक्षरात ‘खोटं, खुनी = भाऊ’ आणि त्याखाली तिसऱ्या अक्षरात ‘दोघेही गाढव, वाचा’ असं सापडलं होतं आणि ते अख्ख्या पुस्तकापेक्षा जास्त लक्षात राहिलं.

शेवट तेव्हाही फसायचेच बरं का, पण त्याचं कारण बऱ्याचदा छपाईत होतं. एक फर्मा म्हणजे छापून घडी घातलेला एक मोठा कागद, त्याची सोळा पानं, आणि आठ फर्म्यांचं पुस्तक म्हणजे १२८ पानं. लेखकाला महिन्याला एकाहून जास्त पुस्तकं द्यायची असायची, मोबदला ठरलेला, आणि नववा फर्मा लागला की प्रकाशकाचं गणित बिघडायचं. म्हणून मग १२० व्या पानापर्यंत नायक गोव्याच्या किनाऱ्यावर कुणाचा तरी पाठलाग करतोय आणि पुढच्या सहा पानांत सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून सगळा उलगडा. वाचकांना हे कळत होतं, तरी फारशी कुरकुर नव्हती कारण उद्या दुसरं पुस्तक मिळणारच होतं.

आता तो शब्द, ‘थ्रिलर’, ज्याने खरा घोळ केलाय. आपल्याकडे ‘रहस्यकथा’ हे एक मोठं पोतं होतं. हेरकथा, गूढकथा, साहसकथा, अधूनमधून भूतसुद्धा, सगळं त्यात. दिवाळी अंकांनी ‘रहस्य, गूढ, भय’ असं एका दमात म्हणायची सवय लावली. पण पोतं कितीही मोठं असलं तरी शब्दात वचन होतं, की काहीतरी लपवलंय आणि ते शेवटी सांगणार. ‘थ्रिलर’ असलं कुठलंच वचन देत नाही. समजा शिवडीच्या एका गोदामात स्फोटकं आहेत. कुणी ठेवली हे शोधायचं असेल तर ती रहस्यकथा. कुणी ठेवली हे वाचकाला तिसऱ्या प्रकरणातच माहीत आहे आणि प्रश्न एवढाच की इन्स्पेक्टर लोकलच्या गर्दीतून वेळेत पोचते का, तर ती थ्रिलर. पहिल्या प्रकारात शेवट म्हणजे उत्तर असतं, दुसऱ्यात शेवट म्हणजे नुसती सुटका. उत्तराची सवय लागलेल्या माणसाला सुटका कमीच वाटणार, मग तो म्हणतो फसला. माझ्या मते निम्म्या तक्रारी इथल्या आहेत.

शब्द बहुधा आला सिनेमाच्या पोस्टरवरून, ‘सस्पेन्स थ्रिलर’ अशी जोडी म्हणून, आणि आपल्याकडे सस्पेन्स म्हणजे रहस्यच, म्हणजे येतानाच दोन उलट गोष्टी एकत्र बांधून आला. मग नव्वदच्या दशकापासून इंग्रजी बेस्टसेलरांचे अनुवाद जाडजूड स्वरूपात यायला लागले, कोर्टातले, हॉस्पिटलातले, युद्धाचे. चारशे-पाचशे पानं, किंमत लायब्ररीच्या कित्येक महिन्यांच्या वर्गणीएवढी. ते वाचून एक नवा वाचक तयार झाला ज्याने लायब्ररीतलं ते छोटं, स्वस्त पॉकेटबुक कधी हातात धरलंच नव्हतं. त्याला ‘रहस्यकथा’ हा शब्द स्वस्त वाटायचा, बांगडीवाल्या बाईच्या चित्राचं मुखपृष्ठ आठवायचं. म्हणून प्रकाशकांनी शब्द बदलला. विक्रीच्या दृष्टीने चूक म्हणता येणार नाही, पण जुन्या पॉकेटबुकांच्या नव्या आवृत्त्यांवरही ‘थ्रिलर’ छापणं मला अजून पटत नाही, आणि ती पुस्तकं ‘नवीन’ म्हणून मांडणं तर अजिबातच नाही. माझ्याकडे अशी दोन आहेत. आत ट्रंक कॉल लावतायत आणि बाहेर गुळगुळीत कव्हरवर थ्रिलर. दुसरी बाजू अशी की त्या निमित्ताने विशीतली पोरं ती वाचतायत, ही बाजू खरी आहे, मान्य.

पुढचा बदल कानातून आला. २०१७ च्या नोव्हेंबरात एका स्वीडिश कंपनीने भारतात ऑडिओबुकं सुरू केली आणि पहिल्या दिवसापासून इंग्रजी, हिंदीच्या बरोबरीने मराठी ठेवली. खास ऐकण्यासाठी भागांच्या मालिका लिहून घेतल्या जाऊ लागल्या आणि भागाच्या शेवटी उत्सुकता अडकवून ठेवणारा हुक हवाच, नाहीतर माणूस पुढचा भाग लावणार नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये भांडी घासताना, पोळ्या लाटताना लोकांनी हे भरपूर ऐकलं. आताच्या छापील कादंबऱ्यांत प्रत्येक प्रकरण ‘आणि दारावरची बेल वाजली’ टाइप संपतं ते तिथूनच आलंय असं मला वाटतं. म्हणजे आधी फर्मा शेवट ठरवायचा, आता एपिसोड ठरवतो. ‘खाली ठेववत नाही’ याचं श्रेयही एपिसोडलाच.

नायकही बदलला. आधी खाजगी डिटेक्टिव्ह, वकील, कॅप्टन. आता बहुतेक सगळे पोलिस. खाजगी डिटेक्टिव्ह संस्थांसाठी २००७ साली संसदेत विधेयक आलं होतं, त्याचा कायदा काही झाला नाही, आणि २०१८ मध्ये ठाण्याला लोकांचे सीडीआर, म्हणजे कुणी कुणाला कधी फोन केला याच्या नोंदी, बेकायदा मिळवल्याच्या प्रकरणात खऱ्याखुऱ्या डिटेक्टिव्हांनाच अटक झाली. टॉवर लोकेशन, सीसीटीव्ही, सीडीआर, हे सगळं कायद्याने ज्याच्या हातात तोच नायक होणार. पण त्यामुळे वाचकही पंचनामा करायला लागलाय. पंच कोण होते, एफआयआर कुठल्या ठाण्यात नोंदवला, हद्द कुणाची, हे पूर्वी कुणी विचारत नव्हतं. लोक याला कीस काढणं म्हणतात, मला मात्र हे वाचन आवडतं.

गेल्या महिन्यात एक नवीन कादंबरी आणली, कथानक २०२४ च्या दिवाळीतलं, खून लक्ष्मीपूजनाच्या रात्री. वेग चांगला, पुण्यातल्या पेठा चांगल्या आल्यात, इन्स्पेक्टरची आई तर फारच छान. आणि पान ४१ वर साहेब ऐटीत म्हणतात, ‘कलम ३०२ लाव.’ अहो, त्या वर्षी १ जुलैपासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यानंतरच्या खुनाला कलम १०३ लागतं. पुस्तक लायब्ररीचं आहे. समासात पेन्सिलने बारीक ‘१०३’ लिहून ठेवलंय.