लिनक्स पॅकेज : बांधणी आणि अपडेट

लिनक्स वितरणात, म्हणजे लिनक्सवर उभारलेल्या तयार प्रणालीत, सॉफ्टवेअर ज्या फाईलच्या रूपाने बसवले जाते तिला पॅकेज म्हणतात. डेबियन आणि उबुंटूमध्ये ते ‘डेब’ असते, फेडोरामध्ये ‘आरपीएम’. कोणती फाईल कुठे ठेवायची आणि सोबत आणखी कोणती पॅकेजे लागतील, हेही त्यात नोंदलेले असते.

१९९३ साली सुरू झालेल्या डेबियनची पद्धत नमुन्यादाखल घेता येईल. मूळ लेखकांचा सोर्सकोड घेऊन मेन्टेनर (पॅकेज सांभाळणारा) त्यात ‘डेबियन’ नावाची डिरेक्टरी घालतो. तिथल्या ‘कंट्रोल’ फाईलमध्ये डिपेन्डन्सी (सोबत लागणारी इतर पॅकेजे) असतात, ‘रूल्स’मध्ये बांधणीच्या कमांड. स्वतः केलेल्या दुरुस्त्या तो वेगळ्या पॅचमध्ये (फक्त बदल नोंदणाऱ्या फाईलमध्ये) ठेवतो. मग बिल्डसाठी राखलेल्या मशीन प्रत्येक आर्किटेक्चरसाठी (प्रोसेसरच्या प्रकारासाठी) कोऱ्या वातावरणात पॅकेज कंपाईल करतात, म्हणजे सोर्सकोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवतात. ‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतं’ ही सबब इथे चालत नाही. ‘कंट्रोल’मध्ये लिहायची राहून गेलेली लायब्ररी (इतर प्रोग्रॅम वापरतात तो सामायिक कोड) तिथे नसतेच, त्यामुळे बांधणी अडते.

तयार पॅकेज आधी ‘अनस्टेबल’मध्ये जाते, काही दिवसांत गंभीर दोष निघाला नाही तर ‘टेस्टिंग’मध्ये, आणि साधारण दोन वर्षांनी त्यातूनच ‘स्टेबल’ आवृत्ती निघते. या रेंगाळण्याचा फायदा मार्च २०२४ मध्ये दिसला. ‘एक्सझेड’ या कॉम्प्रेशन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत कुणीतरी मुद्दाम चोरवाट पेरली होती. एसएसएच (दुसऱ्या मशीनवर दुरून सुरक्षितपणे शिरण्याची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा छडा लावताना सॉफ्टवेअर अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांना ती सापडली. बांधणीच्या वेळी ती चालू करणारा तुकडा फक्त प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये (सोर्सकोडच्या गठ्ठा-फाईलमध्ये) होता, कोडमधले बदल नोंदणाऱ्या गिट रेपॉझिटरीत नव्हता. डेबियन स्टेबलपर्यंत ती पोचलीच नाही.

स्टेबलमधल्या अपडेटचा अर्थ बऱ्याचदा चुकीचा घेतला जातो. मुंबईतल्या एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये आवृत्तीचा आकडा पाहून विद्यार्थी म्हणतो, “सर, हे तर जुनं आहे!” आकडा जुना असतो, दोष मात्र दुरुस्त झालेला असतो: सुरक्षेची दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत बसवतात, आणि शेवटी ‘डेब१२यू१’सारखी खूण वाढते. ‘ॲप्ट’ या पॅकेज हाताळणाऱ्या साधनाची ‘ॲप्ट अपडेट’ ही कमांड फक्त उपलब्ध पॅकेजांच्या याद्या ताज्या करते. पॅकेजे बदलते ती ‘ॲप्ट अपग्रेड’. या याद्यांवर डिजिटल सही असते, त्यामुळे पॅकेज कुठल्याही मिररवरून (त्याच फाईलींची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरून) घेतले तरी भेसळ पकडता येते. म्हणूनच चाळीस मशीनच्या लॅबमध्ये कॅशे सर्व्हर (उतरवलेली प्रत साठवून इतरांना देणारे मशीन) ठेवून प्रत्येक पॅकेज एकदाच उतरवणेही सुरक्षित ठरते.

मुंबईचे या क्षेत्रातले काम मुख्यतः भाषेचे आणि शिकवणीचे. जुहूच्या एनसीएसटीने (आताचे सी-डॅक मुंबई) ‘इंडिक्स’ प्रकल्पातून लिनक्सवर भारतीय लिप्या आणल्या. पवईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प लिनक्सचे धडे मराठीतूनही देतो. आज लोहित देवनागरी फॉन्ट इतर पॅकेजांसारखाच एका कमांडने बसतो.

एक गोष्ट सर्व्हर सांभाळणारेही विसरतात. लायब्ररी अपडेट झाली तरी आधीपासून चालू असलेली सेवा मेमरीतली जुनीच प्रत वापरत राहते. ती सेवा रीस्टार्ट करावी लागते, आणि कर्नल (प्रणालीचा गाभा) बदलला असेल तर सहसा मशीनच.