पडद्यावरची माशी खरी की रबराची?

जुन्या विनोदी चित्रपटात माशी नायकाच्या नाकावर बसते, तो स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतो आणि आपण हसतो. ती माशी खरी होती का? हे ओळखायचं तर तिच्या रूपाकडे बघू नका. रबर, मेण, तार, रंग यांनी रूप हुबेहूब साधतं. चाल साधत नाही.

खरा कीटक चालताना सहा पाय तीन-तीन करून टाकतो. एका बाजूचा पुढचा-मागचा आणि दुसऱ्या बाजूचा मधला पाय टेकलेला असताना उरलेले तीन उचलले जातात. खोट्या कीटकाचे पाय एक तर हलतच नाहीत, नाही तर सगळे एकदम हलतात. शिवाय बसलेली खरी माशी बराच वेळ पुढचे पाय एकमेकांवर घासत असते. तिला चव पायांनीही कळते, म्हणून ते स्वच्छ लागतात.

उडताना फरक आणखी उघड होतो. दोऱ्याला टांगलेली माशी लंबकासारखी झुलते. दोरा एक मीटरचा असेल तर एका पूर्ण झोक्याला साधारण 2 सेकंद लागतात, मग माशी रबराची असो वा कागदाची. खरी माशी सरळ रेषेत जाते आणि एकदम काटकोनात वळते. घरमाशीचे पंख सेकंदाला 200 च्या आसपास वेळा हलतात, तर बोलपटात सेकंदाला 24 चित्रं असतात. त्यामुळे उडत्या माशीचे पंख पुसट धुरकट पट्ट्यासारखेच दिसायला हवेत. ते रेखीव दिसले, तर संशय घ्यावा.

तरी फसगत होते, आणि ती दोन्ही बाजूंनी होते. रशियातले सुरुवातीचे चित्रपटकार व्लादिस्लाव स्तारेविच यांना मोठ्या जबड्यांच्या भुंगेऱ्यांची झुंज चित्रित करायची होती. पण दिव्यांखाली ते भुंगेरे निपचित पडत. मग त्यांनी मेलेल्या भुंगेऱ्यांचे पाय तारेनं आणि मेणानं जोडले आणि एकेक चित्र घेत त्यांना हलवलं. 1912 च्या ‘द कॅमेरामन्स रिव्हेंज’मध्ये तर त्यांनी भुंगेरा-दांपत्याच्या लफड्यांची धमाल रंगवली. त्यांचे कीटक शिकवलेले आहेत, असं तेव्हा काहींना खरोखर वाटलं!

याच्या उलट ब्रिटिश निसर्ग-चित्रपटकार पर्सी स्मिथ यांची 1910 ची कसरतपटू माशी. ती उताणी असून पायांवर चिमुकला चेंडू फिरवते. हे खोटंच वाटतं, पण ती माशी जिवंत होती. तिला तसंच धरून ठेवलेलं होतं, एवढंच. पायाखालची जमीन सुटली की माशी पंख चालवते आणि पायांना काही लागलं की पंख थांबवून चालू लागते. ती त्या चेंडूवर चालत होती, म्हणून चेंडू फिरत होता. प्रशिक्षण शून्य. मला हे दृश्य कुठल्याही युक्तीपेक्षा जास्त अद्भुत वाटतं.

पिसवांची सर्कस मात्र वेगळीच. ‘लाइमलाइट’मध्ये (1952) चॅप्लिन पिसवांना उड्या मारायला लावतो आणि पडद्यावर एकही पिसू नसते. दोन-तीन मिलिमीटरची खरी पिसू असती, तरी ती लांबून दिसली नसती. पिसू उडी घेताना जमीन सोडते ती साधारण एका मिलिसेकंदात, म्हणजे एका चित्राच्या अवधीतच. तिची उडी 15-20 सेंटिमीटर उंच जाते आणि अर्ध्या सेकंदात संपते. म्हणून अशा प्रसंगात नटाची मान बघा. ती सावकाश, उंच कमान काढत फिरली, तर ती पिसू नटाच्या नजरेतच जन्मलेली आहे.