फेडोराच्या पॅकेजमागचं ‘एफसी’ आणि शाखांचा वारसा

परभणी-नांदेडकडच्या कॉलेजांमध्ये लॅबच्या ज्या मशीनवर फेडोरा ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम आहे, तिथे कुठल्याही पॅकेजचं, म्हणजे इन्स्टॉल करायच्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याचं, पूर्ण नाव बघा. शेवटी ‘एफसी४०’, ‘एफसी४१’ असं काहीतरी असतं. आकडा आवृत्तीचा, हे पोरं लगेच ओळखतात. ‘एफसी’चं उत्तर मात्र २००३ पासून सांगावं लागतं.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात फेडोरा कोअर १ आलं, ‘एफसी’ हे त्याचंच लघुरूप. कोअरची पॅकेजं फेडोरामागच्या रेड हॅट कंपनीचे लोक कंपनीच्या आतल्या यंत्रणेवर बांधायचे, म्हणजे सोर्स कोडपासून तयार करायचे. पुढे बाहेरच्या स्वयंसेवकांची पॅकेजं ‘एक्स्ट्राज’ नावाच्या वेगळ्या रिपॉझिटरीत, म्हणजे पॅकेजच्या साठ्यात, जाऊ लागली. ही भिंत मे २००७ मध्ये, फेडोरा ७ च्या वेळी पडली. दोन्ही एक झालं आणि बिल्डसाठी, म्हणजे या बांधणीसाठी, ‘कोजी’ ही खुली यंत्रणा आली. नावातलं ‘कोअर’ गेलं, पण ‘एफसी’ राहिलं. कारण बाकीचे आकडे सारखे असतील तर आरपीएम हा पॅकेज लावणारा प्रोग्राम अक्षरंही ताडून बघतो, आणि त्याच्या हिशेबात ‘एफसी६’ हे ‘एफ७’पेक्षा नवं ठरतं. अपग्रेडच अडलं असतं.

कोजीचं खरं मोल टॅगच्या वारशात आहे, असं मी मानतो. बिल्ड झालेल्या पॅकेजला टॅग, म्हणजे गटाचं लेबल, लागतो, आणि एक टॅग दुसऱ्याचा वारसा घेतो, म्हणजे त्यातली पॅकेजंही त्याला मिळतात. फेडोरा ४० साठी काही बिल्ड करायचं झालं, तर लागणारी लायब्ररी (इतर प्रोग्राम वापरतात तो तयार कोड) आधी ‘ओव्हरराइड’ टॅगमध्ये शोधली जाते, मग ‘अपडेट्स’मध्ये आणि तिथेही नसेल तर मूळ ‘एफ४०’मध्ये. जिथे आधी सापडली तिथलीच घेतली जाते. मागच्या टॅगमध्ये तिची नवी आवृत्ती पडून असली, तरी कोजी तिकडे जात नाही. आकड्यापेक्षा क्रम मोठा, हे ज्याला कळलं त्याला बिल्ड का फसलं हे शोधायला फार वेळ लागत नाही. टेस्टिंगमध्ये, म्हणजे तपासणीच्या टप्प्यात, अडकलेली लायब्ररी दुसऱ्या पॅकेजला तातडीने हवी असेल, तर ओव्हरराइड त्यासाठीच असतो, तोही ठरावीक मुदतीचा.

पॅकेजच्या सोर्सच्या शाखा, म्हणजे दर आवृत्तीसाठीच्या वेगळ्या प्रती, आधी सीव्हीएस या बदलांची नोंद ठेवणाऱ्या जुन्या यंत्रणेत होत्या, दर आवृत्तीला वेगळं फोल्डर. २०१० मध्ये सगळं गिट या त्याच कामाच्या नव्या यंत्रणेवर गेलं. रॉहाइड ही सतत वाहणारी मुख्य शाखा. तिच्यातून वर्षातून दोनदा, साधारण फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, नवी शाखा फुटते.

आपल्याकडच्या लॅबना याहून जवळचा विषय म्हणजे एपेल, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्ससाठी फेडोराचे स्वयंसेवक चालवतात तो जास्तीच्या पॅकेजचा साठा. फेडोराची आवृत्ती जेमतेम १३ महिने चालते. जिथे नेट जपून वापरावं लागतं आणि मशीन एकदा लावली की वर्षानुवर्षं हलत नाही, तिथे दीर्घकाळ चालणाऱ्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या घरातलीच सिस्टीम बरी पडते, आणि जास्तीची पॅकेजं एपेलमधून येतात. फेडोरात असलेलं पॅकेज तिथे नसतं तेव्हा पोरं समजतात की ते चालतच नसेल. बहुतेकदा तसं नसतं. एपेलची शाखा आपोआप फुटत नाही, मेंटेनरला, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्याला, ती मागावी लागते. बगझिला या तक्रारी-विनंत्या नोंदवायच्या साइटवर तशी विनंती कुणीही टाकू शकतं, आणि मेंटेनरला वेळ नसेल तर ती शाखा सांभाळायला दुसरा स्वयंसेवकही पुढे येऊ शकतो. तो परभणीचा का नसावा?